'इंजेक्शन देऊन फाशी' म्हणावं का?

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय: 'इंजेक्शन देऊन फाशी, न्यायमूर्तींमध्ये मतभेद' असं अमेरिकेबद्दल वाचलं. ही शब्दयोजना बरोबर आहे का?

ताई, बरोबर नाही. फाशीत फास आहे. मूळ संस्कृत 'पाश'. आपल्या खान्देशात तो शेतात रोज भेटतो. 'दाव्याला सरकफास मारू नको, बैलानं ओढ घेतली तर गळा आवळेल,' असं मला लहानपणीच बजावलं होतं. फासेपारध्यांच्या नावातला फास हाच. दोर नसेल तिथे फाशी कशी?

जुनी मराठी याबाबत फार काटेकोर होती. कडेलोट, सुळी देणं, तोफेच्या तोंडी देणं, हत्तीच्या पायी देणं: जशी रीत तसं नाव. आणि कोणत्याही रीतीला लागू पडेल असं शिक्षेचं नाव निराळं, देहदंड किंवा देहान्त शिक्षा. कायदाही हा भेद पाळतो. खुनाच्या कलमात 'मृत्यूची शिक्षा' एवढंच म्हटलं आहे, ती कोणत्या रीतीनं द्यायची ते नाही. 'गळफास लावून मरेपर्यंत टांगावं' ही रीत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ३५४(५) मध्ये सांगितली होती. १९५० च्या लष्करी कायद्यात तर फाशी किंवा गोळी, असे दोन्ही पर्याय आहेत.

भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांनी मार्च १९३१ मध्ये पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं होतं की आम्ही युद्धकैदी आहोत, फाशी न देता आम्हाला गोळ्या घाला. मरण टाळायचं नव्हतं, रीत बदलून हवी होती. दोन्हींना 'फाशी' म्हटलं तर त्या पत्राचा अर्थच हरवतो. ते पत्र आठवलं की मला हा शब्द सैल वापरवत नाही.

न्यायालयातल्या वादाचंही तेच. २०१५ चा अमेरिकेतला ग्लॉसिप खटला घ्या. ओक्लाहोमात इंजेक्शनसाठी वापरायच्या मिडाझोलम या औषधावरून ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. न्यायमूर्ती सोटोमायर यांचा विरोध त्या औषधाच्या वापराला, म्हणजे रीतीला होता. न्यायमूर्ती ब्रायर यांनी मात्र देहदंडच घटनेत बसतो का, असा प्रश्न केला. आपल्याकडे १९८२ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी बच्चनसिंग खटल्यात वेगळं मत दिलं, ते मुळात देहदंडाविरुद्ध. १९८३ च्या दीना खटल्यात प्रश्न फाशीच्या रीतीचा होता, आणि सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं ती रीत वैध ठरवली.

'मतभेद' हा शब्द चुकीचा नाही, पण सासू-सुनेतही मतभेद होतात. न्यायमूर्ती बहुमताशी न पटल्याची कारणं लिहून ठेवतात, त्याला 'भिन्नमत' म्हणावं. मी ती ओळ अशी लिहिली असती: 'इंजेक्शनने देहदंड, चार न्यायमूर्तींचं भिन्नमत'.