पाच वर्षांत चार कंपन्या बदलल्या. मुलाखतीत 'एवढ्या उड्या का?' विचारलं तर काय सांगू?

खरं तेच सांगा, पण थोडक्यात. 2021-22 मधल्या उडीचं फारसं काही वाटून घेऊ नका. तेव्हा आयटीत भरतीची लाट होती. मार्च 2022 ला संपलेल्या वर्षात इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण 27.7 टक्के होतं. डोळ्यात खुपतात त्या सलग आठ-आठ महिन्यांच्या नोकऱ्या.

प्रत्येक बदलासाठी एक वाक्य तयार ठेवा आणि त्याला केलेलं काम जोडा. "पेमेंटचं मॉड्यूल प्रॉडक्शनला नेलं, नंतर सपोर्टला टाकलं, मला डेव्हलपमेंटच करायचं होतं." यातून काम अर्धवट टाकून पळाला नाहीत हे आपसूक कळतं. पगारासाठी सोडली असेल तर तेही सांगा, समोरचाही बहुधा त्याच वाटेने आलेला असतो. जुन्या मॅनेजरची उणीदुणी मात्र नकोत.

आणि हो, तीन महिन्यांची नोकरी रेझ्युमेतून गाळू नका. पीएफ कापला असेल तर यूएएनच्या (पीएफसाठी मिळणारा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते; बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडलं की हातातली ऑफरही जाऊ शकते. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर पेरोल कंपनी (पगार देणारी) आणि क्लायंट (ज्याचं काम करता तो) दोन्ही लिहा. पेरोल बदलला पण क्लायंट तोच, असं असेल तर ती उडी बहुधा धरत नाहीत.

"इथे किती टिकाल?" हा प्रश्न येणारच. आकडा देऊ नका, या कामात काय शिकायचंय ते सांगा.