‘पंक’ या रॉक संगीतप्रकाराला हे नाव रॉक मासिकांनी दिलं का?

हो, बऱ्याच अंशी. डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकात समीक्षक डेव्ह मार्शने १९७१ मध्येच ‘पंक रॉक’ हा शब्द वापरला होता, पण तो साठच्या दशकातल्या गॅरेज बँडबद्दल (घरच्या गॅरेजात वाजवणाऱ्या हौशी पोरांच्या बँडबद्दल). पुढे जानेवारी १९७६ मध्ये जॉन होमस्ट्रॉम आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये ‘पंक’ नावाचंच मासिक काढलं आणि सीबीजीबी क्लबात वाजवणाऱ्या रमोन्ससारख्या बँडना ते नाव कायमचं चिकटलं. पहिल्या मुखपृष्ठावर रॉक गायक लू रीडचं व्यंगचित्र, आत बराच मजकूर हाताने लिहिलेला!

माझा जीव मात्र लंडनच्या ‘स्निफिन ग्लू’ या पंक मासिकावर. जुलै १९७६ मध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने ते टाइपरायटरवर, मथळे स्केचपेनने लिहून, झेरॉक्स काढून सुरू केलं. खाडाखोडही तशीच ठेवलेली. वर्षभरात प्रती हजारोंवर गेल्या, आणि १९७७ मध्ये त्याने स्वतःच ते थांबवलं.