आधी ते जळालेलं घर वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत वसाहत करणाऱ्या प्युरिटनांवरचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंटांवरचं, तुझं टिपण वाचलं. 'प्युरिटन म्हणजे काळ्या कपड्यांतले, हसण्याचं वावडं असलेले लोक' हे पहिलंच वाक्य खोड. नाताळ पाळला तर 5 शिलिंग दंड, हा मॅसॅच्युसेट्सचा 1659 चा कायदा खरा. पण त्याच वसाहतीत आठ मुलांची आई असलेली ॲन ब्रॅडस्ट्रीट नवऱ्यावर चक्क प्रेमकविता करत होती. 1630 मध्ये वसाहतीचा गव्हर्नर विन्थ्रॉप याच्या 'आर्बेला' जहाजातून इंग्लंडहून आलेली ही बाई. तिच्यापासून सुरुवात कर, प्रवचनं नंतर.

10 जुलै 1666 च्या रात्री तिचं घर जळालं. त्यावरच्या कवितेत ती आधी शहाण्यासारखी म्हणते, देवाचं होतं, देवाने नेलं. पण पुढे त्या जागेवरून जाताना नजर वळतेच. इथे ती ट्रंक होती, तिथे पेटी. आता या छपराखाली पाहुणा बसणार नाही, घास खाणार नाही, मेणबत्ती लागणार नाही. आणि एकदम ती स्वतःच्याच मनाला रागे भरते.

त्या ओळीला पेन्सिलीने खूण कर. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, माणसाने फक्त आपल्यात त्याच्या खुणा शोधायच्या, ही प्युरिटनांची श्रद्धा. चर्चचं सभासद व्हायचं तर कृपेचा अनुभव सगळ्यांपुढे सांगावा लागे. त्यामुळे मनाची झडती रोजचीच. ट्रंकेत जीव अडकला, हे तिला भिववणारं होतं.

म्हणून ती 'छुपी बंडखोर' असं लिहू नकोस. तरुणपणी मी तेच लिहून मोकळा झालो होतो. ते रागावणंही तितकंच खरं आहे.

तिच्या नकळत मेव्हण्याने 1650 मध्ये तिच्या कविता लंडनला छापवल्या. त्यावर तिने त्या पुस्तकालाच गबाळं पोर म्हटलं: तोंड धुतलं, पाय ओढून सारखे केले, तरी लंगडतंयच. इंग्रजीत 'फीट' म्हणजे पाय आणि छंदातले गणही; आपल्याकडेही पायाला आणि कवितेच्या ओळीला 'चरण' हा एकच शब्द, त्यामुळे हा विनोद तुला समजावायला नको.

सेलेमचे चेटकिणींवरचे खटले पहिल्या प्रकरणात कोंबू नकोस. ते 1692 चे. तोवर ती जाऊन वीस वर्षं झाली होती.

घराची कविता मोठ्याने वाच. जुनं स्पेलिंग डोळ्याला अडतं, कानाला नाही. मग नवं टिपण पाठव, पण चार पानांच्या वर नको.

तुझा,
सर