हॉलमधल्या मोगऱ्याला पानं भरपूर, कळी एकही नाही. कोणतं खत घालू? बेडरूममध्ये सुवासाचं कोणतं झाड ठेवता येईल?

खत कसलं घालताय? आधी त्याला हॉलमधून बाहेर काढा.

प्रश्न वाचला आणि आमचं तीन वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं. माहेरून, मिरजेहून, मांडीवर ठेवून आणलेली मोगऱ्याची फांदी मी डोंबिवलीत रुजवली. ह्यांनी ती सोफ्याशेजारी नेऊन ठेवली, का तर ‘आल्यागेल्याला सुवास यायला हवा’. कुंडी चिनी मातीची, तळाला भोक नाही. दोन वर्षं झाड नुसतं पडद्यावर चढायला बघत होतं. पेरं लांबलचक, पानं पोपटी, कळीचा पत्ता नाही. सासूबाई चहाचा चोथा घालायच्या, हे चिमूट चिमूट युरिया. नत्राने पानंच वाढणार, दुसरं काय! मग ह्यांनी जांभळ्या उजेडाचा एलईडी दिवा मागवला. संध्याकाळी आमचा हॉल ऑर्केस्ट्राच्या स्टेजसारखा दिसायचा.

जानेवारीच्या शेवटी हे चार दिवस बाहेरगावी गेले. मी झाड साध्या, भोकाच्या कुंडीत हलवलं, वीतभर ठेवून बाकी सगळं छाटलं, उरलेली पानं ओरबाडली आणि कुंडी स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये, उन्हात ठेवली. हे आले आणि ‘जिवंत झाड मारलंस’ म्हणून दोन दिवस अबोला. अहो, मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काड्या कुरवाळून काय मिळणार? मार्चअखेरीस शेंड्याशेंड्याला तीन-तीन कळ्या! देवाला, सासूबाईंच्या अंबाड्याला आणि माठात टाकायलाही पुरल्या. ह्यांचं म्हणणं काय, तर ‘दिव्याचा परिणाम उशिरा झाला’. अजून पाहुण्यांसमोर तेच सांगतात.

तेव्हा रोज पाच-सहा तास थेट ऊन द्या. पडद्याआडून येतं ते धरू नका. कळ्या भरल्या की कुंडी संध्याकाळपुरती हॉलमध्ये आणा, मोगरा तेव्हाच उमलतो. सकाळी परत जागेवर.

हां, सध्या झाडावर कळ्या असतील किंवा भर पावसाळा असेल तर माझं ऐकून कात्री चालवू नका, जानेवारीपर्यंत थांबा. आणि खरं सांगायचं तर दिव्यावरही झाडं वाढतात, पण दिवा दमदार हवा, झाडाच्या जवळ हवा, रोज दहा-बारा तास चालू हवा. आमचा होता टेबललॅम्पएवढा, तोही बातम्या संपल्या की बंद!

बेडरूममध्ये उजेड असेल पण ऊन नसेल, तर आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो त्याचं पान कुंडीत खोचा. तगेल. फुलेल मात्र वर्षातून मोजक्याच रात्री.

तरीही दिवा हवाच असेल तर आमचा माळ्यावर पडलाय, घेऊन जा. फक्त हे घरी नसताना या.