खारेपाटात पहिली खार बांधणाऱ्या खापरपणजोबांचा माग कसा काढायचा?

तुमच्या प्रश्नात हाताशी तीनच गोष्टी आहेत: खापरपणजोबांचं नाव, अलिबाग-पेणच्या मधलं खाडीकाठचं गाव, आणि ‘खाडी हटवून तिथं पहिलं भात आपल्या माणसाने पिकवलं’ ही घरात चालत आलेली गोष्ट. सुरुवातीला एवढं पुरे आहे. मी त्याच खारेपाटातला, म्हणजे त्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला, आगरी घरातला. आमच्याकडचं हे सगळं उकरून झालंय, म्हणून सांगतो.

आधी जरा कडू बोलतो. खार, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातजमीन, एकटा माणूस बांधत नाही. ओहोटीच्या वेळात चिखलाची ढेकळं रचत बांध पुढे न्यायचा, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) बसवायची, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघेपर्यंत पिकाची आशा धरायची नाही, मग काळा राता नाहीतर भुरा राता हे खाऱ्या जमिनीतलं भात पेरायचं. आणि उधाणाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की भररात्री अख्खी आळी बांधावर. हे आळीचं काम, एका घराचं नव्हे. त्यामुळे तुमच्या घरातल्या ‘पहिल्या’चे तीन अर्थ निघू शकतात. त्यांच्या नावावर सरकारी कौल, म्हणजे जमीन लागवडीला आणायचा परवाना, होता. किंवा माणसं जमवून बांध घालून घेणारे पुढारी ते होते. किंवा तुमच्या घरातून त्या खारीत उतरलेले ते पहिले. तिन्हींचे कागद वेगळ्या ठिकाणी सापडतात, आणि तिसऱ्या प्रकाराचा कागद बहुधा सापडतच नाही.

म्हणून नावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. जुन्या नोंदीत आडनाव क्वचित असतं. ‘गोमा बिन हिरा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि एका गावात असे चार गोमा निघतात. जमीन मात्र जागची हलत नाही.

आजच्या सात-बारावर फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांकांची रांग असते. सगळ्यात जुना क्रमांक धरा, तो फेरफार काढा, त्यात ज्याच्याकडून जमीन आली त्याचं नाव घ्या आणि असंच मागे सरका. जुने सात-बारा आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकून नक्कल मागा. सात-बाराच्या आधीचं हक्कनोंदणीचं क-ड-ई पत्रकही आठवणीने मागा, कारण तुम्ही नाव घेतल्याशिवाय कोणी ते काढून देत नाही. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे या वाटेने फार तर विसाव्या शतकाच्या तोंडाशी पोचता येतं. तोपर्यंत तुमचे खापरपणजोबा बहुधा गेलेले असणार, पण त्यांची मुलं सापडतील.

आता मी ज्यावर सगळ्यात जास्त भर देईन ती गोष्ट. तुमचं घर कूळ होतं का, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसत होतं का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. असेल तर कूळ कायद्याच्या कलम ३२ ग ची फाईल शोधा. कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. मग प्रत्येक कुळाला शेतजमीन न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मामलेदारापुढे, बोलावून जमीन घ्यायची तयारी आहे का विचारलं गेलं, किंमत ठरली, आणि ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं. घरच्या ट्रंकेत लोक ते प्रमाणपत्र जपतात, फाईल मात्र कोणी बघत नाही. त्या फाईलीत तुमच्या आजोबांचा जबाब असतो. आमच्या आजोबांचा जबाब पाऊण पानाचा आहे. कारकुनाने प्रश्न गाळलेत, उत्तरं तेवढी एकापुढे एक लिहिलीत: ही जमीन माझे चुलते कसत असत, बांध फुटला तो आम्ही भरला, मालकाने भरणीचे पैसे दिले नाहीत, खंडाची पावती नाही. खाली अंगठ्याचा पसरलेला ठसा, शेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ आणि ओळखणाऱ्याची सही. त्यातल्या ‘चुलते’ने आमची वंशावळच फिरली. खारीत पहिला उतरलेला माणूस आमच्या सरळ ओळीतला नव्हताच, तो पणजोबांचा निपुत्रिक भाऊ होता. जातीच्या दाखल्यासाठी भावकीने केलेल्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात त्याचं नावही नव्हतं, कारण त्याच्या नावाचा दाखला कोणाला नको होता. तुमच्याही चुलतभावांकडे असं प्रतिज्ञापत्र बहुधा असेल. ते घ्या, पण त्यातून कोणी गाळलेलं नाही असं धरू नका.

कुळाचं नाव जुन्या कागदात का सापडत नाही, याचं कारण सरळ आहे. वसूल खोताकडून किंवा सावकाराकडून यायचा, म्हणून नाव त्याचं. अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. तो याच व्यवस्थेविरुद्ध होता. संपात जमिनी ओस टाकल्या होत्या. त्यामुळे तुमचं गाव संपातलं असेल आणि त्या वर्षांच्या कागदात तुमच्या घराचा पत्ताच लागला नाही, तर घर तेव्हा तिथे नव्हतं असा अर्थ लगेच काढू नका.

याच्याही मागे जायचं तर बांध कोणाचा होता ते बघायला लागतं. खारेपाटात दोन तऱ्हा होत्या. एकीत बांध राखायची जबाबदारी शिलोत्रदार म्हणवणाऱ्या बांधाच्या मालकाची आणि त्यासाठी कुळाकडून सरकारी धाऱ्याखेरीज वेगळं भात घेतलं जाई. दुसरीत कुळांनी मिळून बांध घातलेला आणि मिळूनच राखलेला. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटिअरमध्ये हे दिलेलं आहे. त्यात तुमच्या पूर्वजाचं नाव मिळणार नाही, तेवढ्यासाठी पानं चाळू नका. गाव शिलोत्री होतं की कुळांचं, एवढं कळलं तरी घरातल्या गोष्टीत किती दम आहे याचा अंदाज येतो. भूमी अभिलेख कार्यालयातून, म्हणजे आपल्या मोजणी ऑफिसातून, त्या सर्व्हे नंबरचं जुनं टिपणही काढा. हाताने काढलेला नकाशा असतो. आमच्या टिपणावर आजच्या बांधाच्या बऱ्याच आत एक जुनी बांधाची रेघ आहे. म्हणजे खार एकदा नाही, टप्प्याटप्प्याने पुढे गेली.

त्याआधीचं सगळं तुमचं गाव कोणाच्या राज्यात होतं यावर. पेणकडचा भाग पेशव्यांकडून १८१८ ला इंग्रजांकडे आला. अलिबाग आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात, ते १८४० ला खालसा झालं. रोह्याच्या खाडीपलीकडे मुरूडची बाजू असती तर जंजिरा संस्थान, १९४८ पर्यंत. मराठी अमदानीत पडीक जमीन लागवडीला आणायला कौल देत, आणि सारा पहिल्या वर्षी नाममात्र ठेवून दरवर्षी चढवत नेत, त्याला इस्तावा म्हणत. तुमच्या माणसाच्या नावचा इस्तावा कौल सापडला तर तुमची गोष्ट शंभर टक्के खरी. असे कागद पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरात, नाहीतर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शोधायचे. सगळं मोडीत. पण पिढ्या मोजून बघा: खापरपणजोबा १८५० च्या आसपासचे निघत असतील तर मराठी कौल त्यांचा असूच शकत नाही. एक तर त्यांनी इंग्रजांकडून खाजण (भरतीचं पाणी येणारी खाडीकाठची जमीन) पट्ट्याने घेतलं, किंवा घरच्या गोष्टीत दोन पिढ्या एकमेकींत मिसळल्यात. दुसरं फार वेळा होतं.

जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, कोतवाल बुकात. तहसीलला मिळतात, तारखा पक्क्या करायला बऱ्या. शाळेचं जनरल रजिस्टर आजोबांच्या पिढीपुरतं. घरातलं कोणी अस्थी घेऊन नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत गावावरून नावं निघतात. जाताना गावाचं जुनं नाव आणि मूळ आडनाव घेऊन जा, मुंबईत गेल्यावर लावलेलं ‘कर’वालं नको.

कागद काढून देतो म्हणणारे एजंट तहसीलच्या बाहेर भेटतील. दाखल्यांमुळे त्यांचा धंदा सध्या जोरात आहे. नक्कल काढायला त्यांची गरज नाही. मोडी वाचायला मात्र जाणकाराला रीतसर पैसे द्या, आणि लिप्यंतरासोबत मूळ पानाचा फोटो ठेवा.

पण ऑफिसांची पायरी चढण्याआधी लग्न होऊन गेलेल्या आत्यांकडे जाऊन या. पुरुषमंडळी सर्व्हे नंबर सांगतात, आत्या शेतांची नावं सांगतात, कारण लहानपणी भाकरी घेऊन त्याच बांधावर जात. खारीतल्या कोंडांना माणसांची नावं असतात आणि ती सात-बारावर कुठेच येत नाहीत. एखाद्या कोंडाला तुमच्या खापरपणजोबांचं नाव निघालं, तर त्याला लागून असलेले सर्व्हे नंबर तलाठ्याकडून लिहून घ्या आणि पहिला अर्ज त्याच नंबरांचा टाका.