निम्मी खोली जवळ, की अख्खी खोली लांब?

प्रश्न : नुकतीच पदवी झाली आणि पहिली नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन आहे. ऑफिस शहराच्या मध्यभागी. तिथे जवळ स्वतंत्र खोली घेतली तर हातात येणाऱ्या पगारातले 40 टक्के भाड्यात जातात. उपनगरात तशीच खोली 20 टक्क्यांत मिळते, वर पास-तिकिटांचे 6 टक्के. पण तिथून एका बाजूचा प्रवास दीड तासाचा आहे. जवळच्या खोलीतून चालत 25 मिनिटं. बाबा म्हणतात, ‘आत्ता पैसे साठव, या वयात प्रवासाचं काय एवढं!’ मलाही वाटतं, गाडीत अभ्यास होईल. संध्याकाळचा एक सर्टिफिकेट कोर्सही करायचा आहे. (ऑफिसजवळ एका ओळखीच्या मुलीबरोबर निम्मी खोली 29 टक्क्यांत मिळतेय. पण एवढे पैसे देऊन निम्मीच खोली, हे बाबांना पटत नाही.) काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू कंसात टाकलीस. तिच्याकडे येते, पण आधी बाबांचा हिशेब बघू, कारण तो चुकलेला नाही.

भाड्यातला फरक 20 टक्के. त्यातून पास-तिकिटं वजा केली की हातात राहतात 14. त्यासाठी रोज जाऊन-येऊन 50 मिनिटांऐवजी तीन तास, म्हणजे 2 तास 10 मिनिटं जास्त. महिन्याचे 22 दिवस धरले तर जवळजवळ 48 तास. आता ऑफिसचे तास बघ : रोजचे आठ, महिन्याचे 176. म्हणजे तुझ्या एका तासाला पगारातला साधारण 0.57 टक्के भाग मिळतो. प्रवासातल्या तासाला मिळतात 14 भागिले 48, म्हणजे 0.29. थोडक्यात, उपनगरातून येताना तू तुझा तास निम्म्या पगाराने विकणार आहेस.

गंमत अशी की नवा रस्ता किंवा रेल्वेमार्ग बांधणं परवडेल का हे ठरवताना वाहतुकीचे अर्थतज्ज्ञ लोकांच्या कामावर जाण्या-येण्याच्या वेळेची किंमत बहुतेकदा पगाराच्या निम्म्याच्या आसपासच धरतात. म्हणजे अख्खी खोली जवळ की अख्खी खोली लांब, एवढाच प्रश्न असता तर तराजू मध्येच थांबला असता. तुमच्या घरात जो वाद मिटत नाहीये, तो यामुळेच मिटत नाहीये.

आता तो कंस. निम्मी खोली 29 टक्के. उपनगर पासासकट 26. फरक तीन टक्क्यांचा. तीन टक्के वाचवायला 48 तास! हा दर तुझ्या पगाराच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास येतो. कुणी या दराने ओव्हरटाइम करायला सांगितलं असतं तर तू केला असतास का?

बाबांना हे दिसत नाही, कारण ते चौरस फूट मोजतायत. त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. शहराच्या मध्यापासून लांब जावं तसं भाडं उतरत जातं, हे विल्यम अलोन्सो या अर्थतज्ज्ञाने 1964 मध्ये सूत्रबद्ध करून मांडलं. त्याचा एक साधा अर्थ असा : ज्याला जागा जास्त लागते, त्याला लांब गेल्याचा फायदा जास्त, कारण प्रत्येक फुटामागे त्याची बचत होते. मुलंबाळं, आईवडील, कपाटं, पाहुणे असलेल्या माणसासाठी लांबचं घर शहाणपणाचं असू शकतं. तुला लागतो एक पलंग, एक टेबल आणि दार बंद करता येईल असं कपाट. उपनगरातली स्वस्त जागा तू विकत घेणार, पण ती वापरणार कोण? सकाळी सातला बाहेर आणि रात्री आठला आत. ती खोली दिवसभर तुझ्या सामानालाच राहायला मिळेल.

गाडीत अभ्यास होईल, असं मलाही वाटलं होतं. माझ्या पहिल्या नोकरीला एका बाजूने पावणेदोन तास लागायचे. मी दोनशे पानी वही घेतली, निळं कव्हर घातलं, पहिल्या पानावर वेळापत्रक आखलं. ती वही अजून आहे. साडेतीन पानं लिहिलेली, आणि चौथ्या पानावर एक ओळ अर्धवट तोडून लांब रेघ ओढलेली, कारण कुणाचा तरी कोपर लागला. त्याच वर्षी संध्याकाळचा एक वर्ग लावला होता, तो तीन आठवड्यांत सुटला. आळस नव्हता. वर्ग सुटल्यावर घरी पोचायला अकरा वाजायचे, एवढंच.

तुझ्या दीड तासाची फोड कर. घरापासून स्टेशनपर्यंत चालणं, गाडीची वाट, गाडी, उतरून बसची रांग, बस. सलग बसून वाचता येईल असा भाग फक्त मधला, आणि तोही जागा मिळाली तर. ताटकळण्याचा आणि चालण्याचा वेळ माणसाला बसलेल्या वेळेपेक्षा जड जातो, म्हणून वाहतुकीच्या हिशेबातही तो दीडपट-दुप्पट धरण्याची पद्धत आहे. सुरुवातीच्या स्टेशनवरून गाडीत बसणार असशील तर माझा हा मुद्दा बराच ढिला पडतो, हे मान्य. मधल्या स्टेशनवरून चढणार असशील तर वहीचे पैसे वाचव.

‘सवय होईल’ हे तुला अनेकजण सांगतील. लहान खोलीची होते. प्रवासाची तितकी होत नाही, कारण तो रोज वेगळा त्रास देतो : आज गाडी उशिरा, उद्या बसच नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातलं एकेक काम करताना कसं वाटत होतं ते विचारलं, तेव्हा सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास यादीच्या तळाशी आला. श्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांना जर्मनीतल्या पाहणीत दिसलं की जास्त लांबून येणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. स्वस्त भाड्याने किंवा चांगल्या पगाराने ती भरपाई पूर्ण होत नाही. पुढे काही ब्रिटिश अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक निघाला नाही, म्हणून मी एवढ्यावर निकाल देणार नाही. पण प्रोबेशनच्या सहा महिन्यांत कामाइतकंच तुझ्या वेळेवर येण्याकडेही लक्ष असतं, आणि सरासरी दीड तास म्हणजे वाईट दिवशी सव्वादोन. रोज त्या वाईट दिवसाच्या हिशेबाने निघावं लागेल.

एका परिस्थितीत मात्र मी बाबांच्या बाजूला जाईन. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर जास्तीचे तास 48 वरून 28 वर येतात आणि अख्ख्या खोलीच्या हिशेबात तुझ्या प्रवासाचा दर पगाराच्या दराजवळ पोचतो. शिवाय घरून काम करायला स्वतंत्र खोली लागतेच. पण हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं हवं. ‘बघू, नंतर देतो’ यावर घर घेऊ नकोस.

तसं लिहिलेलं नसेल तर माझं मत : निम्मी खोली घे, एका वर्षासाठी. बाबांना हे पत्र न दाखवता तो तीन टक्क्यांचा आकडा दाखव, तो जास्त बोलका आहे.

होकार देण्याआधी थोडं काम आहे. खोली रात्री दहानंतर जाऊन बघ. दुपारी सगळ्याच खोल्या शांत असतात. त्या मुलीची शिफ्ट विचार. ती रात्रपाळीची असेल तर तू उठशील तेव्हा ती झोपायला येईल, आणि वर्षभर दोघी अंधारात कपडे शोधाल. आणि पैशाचा खरा धोका इथे आहे : ती मध्येच सोडून गेली तर अख्खं भाडं कुणी द्यायचं? करारावर दोघींची नावं, डिपॉझिटमधला ज्याचा त्याचा वाटा आणि सोडण्याआधी किती दिवस कळवायचं, हे लिहून घे. मालक एकाच नावावर अडून बसला तर निदान तुम्ही दोघी आपसात तरी कागद करा. ओळखीची आहे म्हणून लाजू नकोस, ओळख टिकावी म्हणूनच करायचा.

उपनगराचा मोह तरीही सुटत नसेल तर एका सोमवारी सकाळी तिथून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन ये, आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला परत. रविवारी नको. रविवारी तो प्रवास पन्नास मिनिटांचाच असतो, आणि घरमालक तोच सांगतो.