पहिल्यांदाच उपवासकाळ पाळतोयस, म्हणून

भाऊ, आपला ख्रिस्ती उपवासकाळ (लेंट) म्हणजे भस्म बुधवारपासून (ॲश वेन्सडे) ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४० दिवस. रविवार त्यात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार येशूच्या पुनरुत्थानाचाच. मटण सोडलंस, चांगलं केलंस. पण तेवढ्यावर थांबू नकोस. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय वाच. देवाला हवा असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वाचलेले पैसे त्यांच्या घरी पोचव, गाजावाजा न करता. आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे स्वतःहून जा. उपाशी राहण्यापेक्षा मला हेच जड जातं. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे, येशूच्या क्रूसावरच्या मरणाचा दिवस) उपासना मात्र चुकवू नकोस. क्रूसापाशी बसल्यावरच रिकाम्या कबरेचा आनंद कळतो. ईस्टरला पहाटेच ये, खान्देशात ऊन लवकर तापतं.